वासराचा वाटा

आज सकाळी दूधवाल्या शंकरने बरणीतून चीक आणून दिला. नुकत्याच व्यायलेल्या गाईचं ते पहिलं, पिवळसर, दाट दूध. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "वासराला पोटभर पाजलंस ना?"

तो हसला. "पाजलं हो, आजी. तुमची आधी वासराची चौकशी, मग खरवस!"

गूळ-वेलची घालून डबा वाफेवर ठेवला आणि मुलांनो, मला तुमचा बाबा आठवला. जन्मला तेव्हा तो एवढासा होता. रडण्याचंही बळ त्याच्यात नव्हतं. सासूबाईंच्या थोरल्या नणंद म्हणाल्या, "पहिलं दूध बाळाला पचत नाही. पिळून टाक आणि मध चाटव." तेव्हा घरोघरी असंच करत.

सासूबाई म्हणाल्या, "वन्सं, गाईचा चीक आपण मागून आणतो, वाटी चाटूनपुसून खातो. आणि आपल्या लेकराचा मोरीत ओतायचा? घे गं त्याला पदराखाली."

आता डॉक्टर सांगतात, त्या थोड्याशा थेंबांत रोगांशी लढण्याचं बळ असतं, बाळाची जणू पहिली लसच. सासूबाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त खरवस फार आवडायचा.

तुमचा बाबा तुम्हा दोघांना खांद्यावर घेऊन बर्फात उभा आहे, तो फोटो माझ्या स्वयंपाकघरात लावला आहे. खरवसाची पहिली वडी मी त्याच्याखाली सासूबाईंच्या नावानं काढून ठेवली. खरं तर ती दुसरी. पहिला वाटा गोठ्यात केव्हाच पोचला होता.