हसायला खाली या

काहीही झालं नाही म्हणून जिलेबी वाटणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या भूगोलाच्या साळवीबाई. पाऊस फार झाला की दरडीच्या भीतीने त्या डोंगरावरची अख्खी वाडी खाली आणायच्या आणि कॉलेजच्या सभागृहात ठेवायच्या. पाऊस उघडला, डोंगर जागच्या जागी दिसला, की पोलादपूरच्या बाजारातून जिलेबी मागवून स्टाफरूममध्ये स्वतः वाटायच्या. "घ्या सर, काही झालं नाही." पोरगा नापास झाला म्हणून पेढे वाटावेत तसा तो प्रकार मला पहिल्यांदा वाटला. तरी मी दोन घेतल्या.

आमचं कॉलेज महाड आणि पोलादपूरच्या मधे, डोंगराच्या अगदी पायाशी. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका पहाटे मुलींच्या वसतिगृहामागची दरड खाली आली आणि चार मुली गेल्या. बाई तेव्हा वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. आदल्या संध्याकाळी मुलींनी त्यांना मागच्या उतारावर जमिनीला गेलेली भेग दाखवली होती. पण त्याच आठवड्यात न्हाणीघरात साप आहे म्हणून बाईंनी सगळं कॉलेज गोळा केलं होतं, आणि तो निघाला पाण्याचा पाइप. त्यावरचं हसणं अजून थांबलं नव्हतं. बाईंनी ठरवलं, सकाळी सांगू.

सुरुवातीला स्मृतिदिन रीतसर व्हायचा. फोटो, हार, भाषणं, दोन मिनिटं शांतता आणि मग नेहमीचे तास. एका वर्षी बाईंनी प्राचार्यांच्या हातून माइक घेतला. "भेग मी पाहिली होती. मला हसं होण्याची भीती वाटली, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. आता चपला घाला, वर वाडीवर जायचंय." एवढंच बोलल्या, आणि रडल्याही नाहीत. आम्ही सगळे दाराशी चपला शोधायला लागलो. तेव्हापासून दर स्मृतिदिनाला बाईंचं हेच भाषण झालं. दुसरं कुणी बोलत नसे.

वाडीवर जाऊन आम्ही काय केलं, तर अंगणाअंगणात एक कापलेली प्लास्टिकची बाटली काठीला बांधून आलो. पावसाचं पाणी कुठवर आलं की घर सोडायचं, त्या खुणेची रेघ बाईंनी स्वतःच्या नेलपॉलिशने लाल ओढली. "भूगोलाचा एवढा उपयोग मी एमएला असतानासुद्धा केला नव्हता," असं म्हणत नेलपॉलिशची बाटली त्यांनी पर्समध्ये टाकली. मग वाडीला उलट आमंत्रण गेलं. स्मृतिदिनाचं जेवण सगळ्यांनी कॉलेजात घ्यायचं, म्हणजे वाट पायाखालची होते आणि कुठे झोपायचं तेही कळतं. त्या दिवशी वाढायला त्या चौघी मुलींचे आईबाप असतात. पहिल्या वर्षी एक आई भाताचं पातेलं हातात धरून नुसतीच उभी राहिली. नंतरच्या वर्षी तीच लोकांना दटावून दुसऱ्यांदा वाढत होती.

येताना शेळ्या आणायच्याच, हा बाईंचा हट्ट. "शेळी वर राहिली की म्हातारी वर राहते. म्हातारी राहिली की घर राहतं." सायकल स्टँडमध्ये शेळ्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. मी अकाउंटन्सीचा माणूस, पावसात छत्रीशिवाय पोस्टात न जाणारा. एका शेळीने परीक्षेचं वेळापत्रक नोटीस बोर्डावरून ओढून खाल्लं. मी तक्रार घेऊन गेलो, तर बाई म्हणाल्या, "मुलं तिला दुवा देतील." वाडीत आजही मला शेळ्यांचे सर म्हणतात.

खरं घोडं अडलं ते नंतर. बाईंच्या सांगण्यावरून वाडी दोनदा खाली आली आणि दोन्ही वेळा डोंगर हलला नाही. तिसऱ्यांदा गणूबाबांनी फोनवर साफ नकार दिला. गणूबाबा म्हणजे वाडीतले सगळ्यांत वडीलधारे. ते उठले तर वाडी उठायची. बाई भर दुपारी पावसात वर निघाल्या. मागोमाग मी, मनातल्या मनात शिव्या देत.

गणूबाबा ओट्यावर बसले होते. "बाई, दोनदा तुमच्या मागनं खाली आलो. काय झालं? कायच नाय. पलीकडच्या वाडीवाले आमाला हसतात."

"मग तुम्ही मला हसा."

"हसतोच हाय."

"इथून नको, बाबा. मला खाली ऐकू येत नाही. हसायचं तर माझ्यासमोर येऊन हसा."

म्हाताऱ्याने मान वर करून डोंगराकडे पाहिलं. दरडीखाली गाडलं गेलेलं तळीये गाव आमच्यापासून लांब नाही. तिथली माणसं गणूबाबांच्या नात्यातली होती. शेवटी त्यांनी आतल्या सुनेला हाक मारली, "गो, शेळ्या सोड. बाईंना हसायला जायचं हाय."

डोंगर तेव्हाही पडला नाही. गणूबाबा दोन दिवस सभागृहात बसून येईल त्याला सांगत होते, "ह्या बाई. ह्यांचा डोंगर पडनार होता." बाई शेजारी बसून त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसत होत्या. ती बाई इतकी खुशीत मी पुन्हा पाहिली नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. शिकवून घरी आल्या, चहा घेतला आणि गेल्या. आम्हाला त्यांची सवय झाली होती, आणि ती आजही मोडलेली नाही.

मग हा पावसाळा आला. डोंगर यंदाही हलला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं? आम्ही दहा-बारा शिकलेली माणसं स्टाफरूममध्ये बसून वाडीला फोन करायचा की नाही यावर वाद घालत होतो. पाऊस उघडला तर लोक काय म्हणतील, उगाच कॉलेजचं हसं होईल. तासभर हेच चाललं होतं. शेवटी मी उठून गेटकडे गेलो, निदान पाऊस बघावा म्हणून.

गेटबाहेर अख्खी वाडी उभी होती. पुढे गणूबाबा, डोक्यावर प्लास्टिकचा कागद.

"बाबा, तुम्हाला फोन कुणी केला?"

"फोन कशाला? पानी रेघेवर आलं." त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "बाई असत्या तर त्यांना हसलो असतो. आता त्या नायत, तर आमीच आलो. पडला नाय डोंगर, तर आमाला हसा. उघडा गेट."