उभ्यानं जेवलेलं जेवण

महिना होत आला. कळसहून भावाचा फोन आला, "सरूआत्या गेली." खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला पनीरची भाजी आठवली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिची आठवण हसल्याशिवाय काढताच येत नाही, त्याला मी तरी काय करू...

नव्वदच्या दशकात सागवानाच्या योजनांचं पेव फुटलं होतं. आज पैसे भरा, वीस वर्षांनी झाडं विकून श्रीमंत व्हा. अशीच एक कंपनी बारामतीच्या हॉटेलात लोकांना फुकट जेवायला बोलवायची. आधी भाषण, मग जेवण. मी तेव्हा इंदापुरात शिक्षक होतो. घर बांधायला जमवलेले सगळे पैसे त्या सागवानात घालायचं मी नक्की करून बसलो होतो. आत्याला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला बी ने की जेवायला."

ठेवणीतलं लुगडं नेसून ती पहिल्या रांगेत बसली. भाषणाला टाळ्याही वाजवल्या. पुढं ताटली हातात धरून उभ्यानं जेवायचं म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बसाय जागा न्हाय व्हय रं ह्यांच्याकडं?" तरी पनीरची भाजी दोनदा घेतली आणि तीन गुलाबजाम खाल्लेच. निघताना टायवाल्या सेल्समनला म्हणाली, "सायेब, तुमचं खाल्लं. आता ऐतवारी आमच्याकडं कळसला या." कुणाकडं जेवून आलं की त्याला जेवू घातल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. त्यालाही वाटलं असणार, आणखी एक गिऱ्हाईक मिळालं.

रविवारी तो माझे फॉर्म घेऊन आला. आत्यानं पाट मांडला, बाजरीची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा वाढला. त्यानं पहिला घास मोडला तशी ती समोर येऊन बसली.

"आमच्यात ताटावर बसून खोटं बोलत न्हाईत. तुमच्या आईचं पैसं घातलं का ह्यात?"

त्यानं घास ताटात ठेवला. मी सहीसाठी पेन उघडून बसलो होतो... तो खाली बघत म्हणाला, "नाही, आत्या."

"हाटेलातच इचारणार हुते. पर उभ्यानं जेवणाऱ्याला आण कशाची घालायची?" तिनं आणखी एक भाकरी त्याच्या ताटात टाकली. "खरं बोललासा. जेवा आता निवांत."

तो पोटभर जेवला आणि फॉर्म आपणहून बॅगेत घालून गेला. पुढं त्या कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं, तोवर त्या वाचलेल्या पैशांत माझ्या घराचा स्लॅब टाकून झाला होता. आत्याला मात्र या जेवणांची गोडीच लागली. नवी कंपनी आली की ती बारामतीला हजर, आणि पुढच्या रविवारी नवा टायवाला कळसला पाटावर! पैसे तिनं कुठंच घातले नाहीत.

गेल्या आठवड्यात सुनेनं डायनिंग टेबल आणलं. सगळे खुर्च्यांवर बसले, मी ताट घेऊन फरशीवर बसलो. "बाबा, गुडघे दुखत नाहीत ना?" सुनेनं विचारलं. एरवी मी लपवलं असतं, पण ताट समोर होतं.

"दुखतात," मी म्हणालो. "आणि आत्याची फार आठवण येते."