नाल्याकडचा लाल तुकडा

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. शेतकीची पदवी घेतली आणि नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत लागलो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. हे मी तेव्हाही छाती काढून सांगत होतो, आजही सांगतो. पण त्या नोकरीतली एक गोष्ट मी कुणापाशी बोललो नाही.

आमचं काम असं होतं. पेरणीनंतर पावसानं उघाड दिली की एक विमान सावनेरकडच्या गावांवरून फिरे आणि खालच्या शेतांचे फोटो काढी. फिल्म वेगळी होती. तिच्यात हिरवं पान लाल दिसे आणि उघडी काळी जमीन निळसर काळी. पीक कुठं उगवलं, कुठं दडपलं, हे पंधरा दिवसांतच वरून कळावं, म्हणजे शेतकऱ्याला वेळेत सांगता येईल, असा तो प्रयोग. फोटो कुलपात राहत, बाहेर न्यायची मनाई. उजेडाच्या टेबलावर ते ठेवून मी रंगांचा अर्थ लावायचो. तो बरोबर आहे की नाही हे पडताळायला काही ठरवलेल्या शेतांत पायी जाऊन कार्डं भरायची असत.

त्या ठरवलेल्या शेतांत आमचंही शेत आलं. खाप्याच्या अलीकडे, नाल्याला लागून.

बाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तरी पेरणीनंतर तो तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, उकिडवा बसे आणि तळहात जमिनीवरून सरकवत पुढं जाई. हाताला रोप लागलं नाही की तिथं खूण म्हणून काडी खोवायची. मग त्या जागी पुन्हा सरकी टोबायची. त्या वर्षी वरचं शेत त्यानं असंच पाहून घेतलं. नाल्याकडच्या तुकड्यात मात्र पाणी साचून गारा झाला होता, पाय गुडघ्यापर्यंत रुतत होता. शेजारचा म्हातारा बांधावरून हसून म्हणाला, "तुमचा पोरगा इमानातून पाहून राहिला, अन् तुमी काहून चिखलात रांगता गा?"

बाला ते पटलं. रविवारी मी घरी गेलो तर त्यानं शेणमातीत घोळलेल्या सरकीची टोपली पुढं केली. "खालच्या तुकड्यात टोबा लागते का गा? तुले दिसलं असन."

मला दिसलं होतं. दोन दिवसांपूर्वीच फोटो आले होते. वरचं शेत फिकं, मधून मधून गुलाबी ठिपके. नाल्याकडचा तुकडा गडद लाल, एकसारखा, कुठं भोक नाही.

"काई गरज नाई," मी म्हणालो. "साऱ्या शेतात तोच तुकडा जोरात आहे."

"खरं म्हणतो?"

"बा, मी हेच शिकलो."

तो खूश झाला. "मंग हे धुऊन बैलाइले घालून टाकतो," म्हणाला, आणि टोपली गोठ्याकडे घेऊन गेला. मी चांगले बूट घालून आलो होतो. खाली उतरलो नाही. आपलंच शेत, त्यात काय पाहायचं, असं म्हणून सोमवारी कचेरीत बसूनच त्याचं कार्ड भरलं: कापूस, उगवण उत्तम. मग त्या लाल रंगाला 'उत्तम उगवण' हे नाव पडलं आणि बाकीच्या गावांचे फोटोही त्याच मापानं वाचले गेले.

पंधरा दिवसांची पऱ्हाटी, कापसाचं रोप, केवढी असते? दोन-चार पानं. तेवढ्यानं जमीन झाकत नाही, त्यामुळे इतका गडद रंग यायलाच नको होता. वरच्या शेतातले फिके ठिपके, ते खरं पीक. हे कळायला पदवीही लागत नाही. पण मी पदवीनंच पाहत होतो.

निंदणाच्या दिवशी मी घरी होतो. बाया नाल्याकडं पोचल्या आणि थांबल्या. एक दुसरीला म्हणाली, "हे सारा केनाच होय वं. उपटला त खाली काईच नाई." पाण्यात सरकी सडली होती आणि त्यावर तण माजलं होतं. बा विळा हातात धरून उभा होता. पुन्हा टोबायचे दिवस निघून गेले होते. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही, पाहिलं असतं तरी त्याला माझा चेहरा दिसला नसता.

पुढच्या आठवड्यात आमचे साहेब मला जीपमध्ये घेऊन कार्डं तपासायला निघाले आणि नेमके आमच्या शेतावर आले. मोकळा तुकडा पाहून त्यांनी बाला विचारलं, "यहाँ तो अच्छी फसल लिखी है, दादा. कहाँ गई?"

मी तोंड उघडणार होतो. निदान मला अजून तसं वाटतं.

"होती साहेब," बा म्हणाला. "चांगली दाट होती. मर लागली, जळून गेली."

साहेबांनी कार्डावर 'नंतर रोगाने नुकसान' असं लिहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, तुमच्या वडिलांचं शेताकडं बारीक लक्ष आहे. ज्या माणसानं बैल विकताना दातांवरून त्याचं वयही कधी खोटं सांगितलं नाही, तो स्वतःच्या पिकाबद्दल खोटं बोलला, आणि मी जीपमध्ये बसून नागपूरला परतलो. कार्ड मी कधी दुरुस्त केलं नाही. पुढं तो रंग दोन हंगाम तसाच वाचला गेला. किती जणांनी माझ्या भरवशावर टोबलं नसेल, मला माहीत नाही.

दुसऱ्या वर्षी उघाड पडली तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेलो. नाल्याकडच्या गाऱ्यात बा गुडघ्यांवर होता. तळहात सरकवायचा, थांबायचा, काडी खोवायचा. वरून विमान गेलं. बांधावरच्या साऱ्यांनी माना वर केल्या, त्यानं केली नाही.

"बा, सरक. मी पाहतो," मी म्हणालो. बूट काढून हातात घेतले होते.

"राहू दे गा," तो म्हणाला. "तू तुया साहेबाचं पाह्य."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उतरलो असतो. मी बांधावरच उभा राहिलो, आणि त्याची ती ओळ संपेपर्यंत त्याच्या पाठीकडं पाहत राहिलो.