चिमट्याचं लोखंड

तुकुमान शहरातल्या प्रयोगशाळेत नेलिदा ओवेहेरोचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाप साखर कारखान्यात भट्टीवर होता, त्यामुळे भट्टीची जाण पोरीला बाळकडूतच मिळालेली. झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या पावडरीत चिमूटभर कोबाल्ट मिसळून भाजलं, की ती पावडर खोलीच्या उबेतही चुंबक होते, असं तिनं दाखवलं होतं. क्ष-किरणांनीही कौल दिला: कोबाल्ट जस्ताच्या जागी निमूट बसलंय, रचना कुठं बिघडलेली नाही. आता शास्त्रज्ञांच्या सभेत एवढं मांडलं, की विभागप्रमुखपद तिचंच. बाई खुशीत होती, आणि का नसावी? उभी हयात भट्टीपुढे गेली होती.

सभेच्या आदल्या दिवशी तिनं तुलनेसाठी कोबाल्ट न घातलेल्या पावडरीची दाबून केलेली गोळी यंत्रात मोजली. ती चुंबक असायचं कारणच नव्हतं. तर तीही चुंबक! नेलिदानं यंत्र तपासून ती पुन्हा मोजली. तेच.

"यंत्र बिघडलं असेल गं," तिचे वरिष्ठ डॉन फेर्मिन नळीनं येर्बाचा कडू चहा ओढत म्हणाले.

"यंत्र ठणठणीत आहे. मीच काहीतरी घाण केलीय."

भट्टी, बशी, खल, सगळं धुंडाळलं. शेवटी नजर गेली हातातल्या स्टीलच्या चिमट्यावर. गोळी चिमट्यानंच उचलायची, ही तिथली रीत. घासताना डोळ्यांना न दिसणारं लोखंड गोळीला लागत होतं, आणि मोजायचा चुंबकपणा तरी केवढा? तेवढ्या लोखंडाएवढाच! परसातला बांबू तासून तिनं नवा चिमटा केला, नव्या गोळ्या त्यानं उचलल्या. चुंबकपणा गायब. कोबाल्टच्या गोळीतलासुद्धा.

"उद्या गप्प बस," फेर्मिन कळवळून म्हणाले. "हातातोंडाशी आलेला घास आहे, बाई!"

"असू दे. माझ्या घशाखाली उतरायचा नाही तो."

सभेत ती ताठ मानेनं उभी राहिली. "माझी पावडर चुंबक नाही. लोखंड माझ्या चिमट्याचं होतं. माझं चुकलं."

फेर्मिननी मान खाली घातली, तेव्हाच पद गेल्याचं तिला कळलं. जिव्हारी लागलं, खोटं कशाला सांगू? पण आवाज कापला नाही तिचा.

पुढचा निबंध कोर्दोबाच्या रामोनाबाईंचा होता, तोही चुंबक पावडरीवरच. त्या पांढऱ्याफटक पडून उठल्या. "आमचाही चिमटा स्टीलचाच आहे," म्हणाल्या आणि निबंध न वाचताच बसल्या.

मग मागच्या रांगेतला एक जण उठला. "आमचाही," म्हणाला. पाठोपाठ त्याच्या शेजारचा.