टॅबमधला गुणी ट्रक

विशेष मुलांच्या आमच्या शाळेला एका गोदामवाल्या शेठनी टॅब दिले आणि भिवंडीजवळच्या दापोड्यात शाळेसमोरचा रस्ता मुलांनी ओलांडायचा कसा, हा प्रश्न निदान वर्गापुरता सुटला. टॅब फरशीकडे रोखला की पडद्यावर आमच्याच फरशीवर रस्ता उमटायचा. पांढरे पट्टे, सिग्नलचा हिरवा माणूस आणि त्याला मान देऊन थांबणारा ट्रक! असा ट्रक मी जन्मात पाहिला नव्हता.

या खेळात एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी सगळ्यांत पुढे होती. तिची आई शाळेसमोरच्याच गोदामात पॅकिंगला. शाळा सुटली की मुलीला न्यायला तिला काम सोडून यावं लागे, आणि मुकादमाचा पारा चढे. "पोरगी एकटी येत नसेल तर तू घरीच बस," असं त्याने तोंडावर सांगितलं होतं.

टॅबवर मुलीची चूक होईना, तेव्हा मी छाती फुगवून तिला खऱ्या रस्त्यावर नेलं. कंटेनर गेले, टेम्पो गेले, रिक्षा उलट्या बाजूने गेल्या. ती तिथे नसलेल्या हिरव्या माणसाची वाट बघत शिस्तीत उभी! त्या रस्त्यावर नियम पाळणारी ती एकटीच होती आणि तिलाच पलीकडे जाता येत नव्हतं.

आई धावत आली. "बाई, तुमचा ट्रक जाम गुणी हाय, आमचा तसा न्हाय. हात वर कराचा, डायवरकडं बघाचं, त्यानं गाडी थांबवली का मंगच निघाचं."

टॅबमध्ये हात वर करायला गुणच नव्हते. मला त्या टॅबचा मनस्वी राग आला. पुढे आठवडाभर मायलेकींनी हात वर करूनच रस्ता ओलांडला.

मग एक दिवस, पोरगी एकटी येते हे दाखवायला, आई मुकादमाला घेऊन गोदामाच्या गेटशी उभी राहिली. अलीकडे, शाळेच्या बाजूला, मुलगी आणि मी. ती हलेना. रस्त्यावर पट्टे दिसले तर तिला धीर येईल म्हणून मी टॅब रस्त्याकडे रोखला. सूचना आली, 'सपाट जमीन शोधत आहे.' भिवंडीत! मी टॅब एका खड्ड्यावरून दुसऱ्या खड्ड्यावर फिरवत राहिले.

मान वर केली तेव्हा तिचा हात वर होता, कंटेनर थांबला होता आणि ती पलीकडे पोचत होती. आईने तोंडाला पदर लावला. माझेही डोळे भरून आले.

मुलीने वळून पाहिलं. मी अजून अलीकडेच. तिने पुन्हा हात वर केला, गाड्या थांबवल्या, परत आली आणि माझं मनगट धरलं.

"बाई, घाबराचं न्हाय. चला."

मुकादमाला एकदा ओलांडलेलं बघायचं होतं. तिने तीनदा ओलांडून दाखवलं, शेवटच्या खेपेला तर मला घेऊन.