शिवून आला काय?

माय मेली तरी कौतुक गजूचंच झालं.

पटत नसंन तर नका पटू देऊ. आज वर्ष झालं तिले, आज मी या गावाच्या ग्रुपवर बोलणार.

गजू म्हणजे माहा लहाना भाऊ. आपल्या वडनेरचा पोट्टा, कबड्डीत रेडर. टीव्हीवर दिसते. तुमच्यातले अर्धे लोक मले "गजूचा भाऊ" म्हणूनच ओळखतात. माहं नाव भास्कर आहे, कोणाले पाहिजे असंन तर.

मी खामगावले कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले. सकाळी जायचं, संध्याकाळी मायजवळ यायचं. तिच्या गोळ्या, तिचा दवाखाना, तिचं शेजारणीसोबतचं भांडण, सगळं माह्याकडं.

अन् तिचा जीव गजूत.

मॅच झाली की तो फोन करे. माय एकच इचारे.

"शिवून आला काय?"

टीम जिंकली का हरली, तिले काही घेणंदेणं नव्हतं. समोरच्याले हात लावून पोरगा आपल्या बाजूले परत आला, की तिची कबड्डी सरली. तो हाव म्हणे, अन् मग दुसऱ्या दिवशी गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याले तेच. गजू शिवून आला.

मले काय इचारे? रोज दुपारी जिनिंगमध्ये फोन.

"जेवला काय?"

बस. जसं काही मी जन्माले फक्त जेवायलेच आलो. सोबतचे हसत. मी हाव म्हटलं की फोन कट.

ती गेली तवा गजू आला. मायले अग्नी लहान्यानं द्यायचा, अशी आपल्याकडं रीत आहे.
म्हणजे तिथंही तोच.

दोघांनीही केस काढले. तीन-चार दिवस होत नाहीत तं टीमचा फोन आला, अन् हा सुतकातच मॅचले गेला. गावात कुजबुज झाली. सुतकात माणूस कोणाले शिवत नाही, अन् याचा तं धंदाच शिवायचा.

टीव्हीवर त्याचं बोडकं डोकं पाहून कॉमेंट्रीवाला म्हणे, नवीन लुक.

काय बोलावं अशा माणसाले.

त्या मॅचमध्ये गजूचा हातच निघेना. समोरचा पोरगा एकदम टप्प्यात, अन् हा अर्धा हात काढून मागं घे. रिकामा परत आला. पुन्हा गेला, पुन्हा रिकामा.

कॉमेंट्रीवाल्याले समजलं नाही. आमच्या गल्लीले समजलं. पाहता पाहता बाया रडाले लागल्या.

मायच्या दहाव्याले आलेले लोक मले सांगत, गजूची लय काळजी वाटते बा, पोरगा खचला. ज्याच्या त्याच्या स्टेटसले त्याचाच फोटो. अन् मी आपला पत्रावळी वाढून राह्यलो.

अरे, माहीही माय होती ना बे ती!

त्याचं दुःख टीव्हीवर, माहं जिनिंगच्या धुळीत. कामावर डोळे पुसत होतो तं शेठ म्हणे, कापूस गेला काय डोळ्यात? म्या म्हटलं, हाव.

तेरवी झाली, सुतक फिटलं. पण गजूचा हात काही सुटला नाही. शिवायले जाये अन् अर्ध्यातून मागं घे. कोचनं बाकावर बसवलं. पेपरात आलं, फॉर्म गेला. असंच राह्यलं तर टीम ठेवत नाही, हे त्यानं स्वतःच मले सांगितलं.

कारण मॅच झाली की आता तो मले फोन करे.

हारलो म्हणे, तिथं ऊन लय आहे म्हणे, गुडघा दुखते म्हणे. मग गप. पण फोन ठेवत नव्हता.

तो कशासाठी थांबते, मले बरोबर माहीत होतं.

नाही इचारलं. वर्षभर नाही इचारलं.

काऊन इचारू? ते इचारणं मायचं होतं, अन् फक्त त्याच्यासाठी होतं. माह्या वाट्याले त्यातलं काहीच आलं नाही, अन् आता म्याच त्याले वाढायचं?

आज वर्षश्राद्ध. गजूची मॅच होती, त्याले येता आलं नाही. पाहुणे जेवून गेले अन् बायकोनं टीव्ही लावला. शेवटी शेवटी गजूले उतरवलं. एकच रेड भेटली. गेला, हात काढला, अन् मागं घेतला.

मायच्या फोटोले घातलेला हार अजून ताजा होता. म्या टीव्ही बंद केला.

थोड्या वेळानं फोन आला. ऊन सांगितलं, गुडघा सांगितला. मग गप.

काय झालं काय माहीत, माह्या तोंडून निघून गेलं.

"शिवून आला काय बे?"

 

"नाही दादा. हातच गेला नाही."

अन् रडला. मायले अग्नी देताना नव्हता रडला, असा रडला. म्या रडू दिलं. मग म्हटलं, परवाच्या मॅचलेही इचारीन, नाही म्हटलं तरी चालते.

नाक ओढत म्हणते कसा, "तू जेवला काय?"



मग म्हणे, "मायनं मले हे कधीच नाही इचारलं. कॅम्पमध्ये अंडे-दूध भेटते, त्याले काय इचारा लागते म्हणे. तुले रोज इचारे. मी लय जळत होतो दादा तुह्यावर."

ऐका! हा माह्यावर जळे!

सकाळपासून सगळ्यांले वाढलं होतं म्या. वर्षात कोणी इचारलं नव्हतं मले.

माय, तुले खोटं काय सांगू. तो शिवून आला नाही, अन् मी जेवलो नव्हतो.

आता ताट घेऊन बसलो. परवा त्याले इचारतो.

तुले दोन्ही पोट्ट्यांची श्रद्धांजली. या वेळेस माहं नाव आधी लिहितो.

भास्कर, गजू