दात घासायला चार वर्षं?

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी गौरीशी, माझ्या लेकीशी, भांडत होते आणि भांडणाचं कारणही वन्संच होत्या. महादेवी वन्सं, माझी थोरली नणंद. उमरग्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात डेंटल हायजिनिस्ट होत्या. कामावर असतानाच छातीत कळ आली आणि... संपलं.

दातांवरचं कीटण काढायचं, हिरड्या जपायला शिकवायचं, हे डॉक्टरचं काम नाही आणि नर्सचंही नाही, हे सांगून सांगून त्या दमल्या. सोयरीक जुळवणारे मामा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "पोरगी दात घासायचं शिकलीया." पाहुणे विचारायचे, "त्याला दोन वर्षं लागत्यात व्हय?" एकदा वैतागून वन्संनी नवऱ्यामुलाच्या आईलाच विचारलं, "तुम्ही मिश्री लावता न्हवं? हिरड्या बघू." चहा तसाच राहिला, पाहुणे उठले. पुढं त्यांनी लग्नाचा विषयच काढू दिला नाही.

अशा बाईनं माझ्या गौरीला आपल्याच कामाच्या नादी लावलं. पोरगी आर्ट्सला बारावी झालेली. या कोर्सला सायन्स लागतं म्हणून वन्संनी तिला पुन्हा अकरावीपासून बसवलं. ती पास झाली, तोवर दवाखान्यात चर्चा सुरू... आता डिप्लोमा पुरणार नाही म्हणे, मोठ्या दवाखान्यांना पदवी लागणार, चार वर्षांची. माझं डोकंच फिरलं.

"वन्सं, पोरगी म्हातारी होईस्तोवर शिकणार का? नियम रोज बदलणार आणि आपण मागं पळायचं?"

"सुरेखा, काम वाढलं तर शिकणं वाढणारच की. आता शुगरवाले येत्यात, कॅन्सरचे येत्यात. मला नुसतं कीटण कळतं, तिला लई कळू दे. चार तर चार. मी हाय की."

मी हाय की! असं ठणकावून सांगणारी माणसं मध्येच निघून जातात, याचा मला भयंकर संताप येतो.

त्यांच्या मातीनंतर आठवड्यानं आमचे हे म्हणाले, "आता तिला वाट दाखवणारं कोण राहिलं? बी.ए. होऊ दे इथंच." गौरीनं माझ्याकडं बघितलं. मीच ओरडले, "पोरगी जाणार म्हणजे जाणार!" का ओरडले, मला ठाऊक नाही. वन्संनी लावलेलं भांडण मी त्यांच्याच बाजूनं लढत होते.

गेल्या आठवड्यात गौरी त्या चार वर्षांच्या कोर्सला पुण्याला गेली. वन्सं रोग्यांना दाखवायच्या तो प्लास्टिकचा मोठा जबडा तिनं दवाखान्यातून मागून आणला होता. तो बॅगेत मावेना, म्हणून फ्रिजवर राहिला. त्याची बिजागरी ढिली झालीय, तोंड मिटतच नाही. येणारीजाणारी दचकतात. मी चिडून तो भिंतीकडं फिरवून ठेवते.

मग घर फार गप्प वाटतं, आणि मी तो पुन्हा माझ्याकडं वळवते.